जोखमीचा तक्ता आणि जामनेरचा उन्हाळा

खानदेशातल्या जामनेरच्या बाजारातल्या कुठल्याही कृषी केंद्रात जा. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला दिसेल आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेली ही खूण कपाशी पिकवणाऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. त्यामागचा हिशेब मात्र थोड्यांनाच माहीत असतो. प्रयोगातले निम्मे प्राणी मारायला तोंडावाटे जी मात्रा लागते, ती दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर रंग लाल. ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे ५० आणि ५१ या औषधांत नावापुरताही फरक नसताना त्यांचे रंग निराळे, आणि ५१ व ५०० यांच्यात जवळपास दहापट अंतर असूनही रंग एकच. शिवाय त्रिकोण बोलतो तो डब्यातल्या औषधाबद्दल. वारा कुठून आहे, कपाशी डोक्याच्या वर गेली आहे का, पंप गळतो का, दोन-तीन औषधे एकत्र कालवली आहेत का, यातले त्याला काही ठाऊक नसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हाही डब्यांवर त्रिकोण होतेच.

म्हणून त्रिकोण पुसून टाका असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तो किती सांगतो आणि कुठे गप्प बसतो हे फक्त माहीत असावे लागते. प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेवरच्या या पुस्तिकेचा विषय असलेला जोखीम-तक्ता, ऑडिटवाल्यांच्या भाषेत रिस्क मॅट्रिक्स, त्याच जातीचा आहे. फक्त त्याला एकाऐवजी दोन बाजू असतात. एका बाजूला अपघात होण्याची शक्यता, एक ते पाच. दुसऱ्या बाजूला अपघात झालाच तर होणारी हानी, तीही एक ते पाच. दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, पंचवीस चौकटींपैकी एकीवर बोट ठेवायचे आणि तिचा रंग वाचायचा. या पद्धतीचे एक महत्त्वाचे उगमस्थान म्हणजे अमेरिकी लष्कराचे १९६९ पासूनचे प्रणाली-सुरक्षा मानक. तिथून ती तेलकंपन्या, विमानतळ, इस्पितळे आणि विद्यापीठे असा प्रवास करत गेली. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ती बहुधा नॅक या मूल्यांकन परिषदेच्या फाइलमधून आली, आणि आली तीही तयार एक्सेल शीट म्हणून. रंग आधीच भरलेले, वर फक्त महाविद्यालयाचे नाव बदलायचे. अशा शीटला सुरक्षिततेचे काम म्हणणे धाडसाचे आहे.

तरीही तक्ता हवा, आणि या पुस्तिकेच्या संपादकांनी तो मध्यभागी ठेवला हे योग्यच केले. कारखान्यात निदान कायद्याचा निरीक्षक येतो. तालुक्याच्या गावातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहसा कोणी येत नाही. तिथली सुरक्षितता म्हणजे एका अनुभवी शिक्षकाची सवय आणि एका परिचराची स्मरणशक्ती. दोघेही निवृत्त झाले की ती त्यांच्याबरोबर जाते. तक्ता निदान ती कागदावर आणतो.

अमोनियाच्या तीव्र द्रावणाची ओळ घ्या. विभागप्रमुख शक्यतेच्या रकान्यात एक लिहितात, कारण त्यांच्या समोर कधी काही झालेले नाही. परिचराला विचारले तर तो चार म्हणतो. दोघेही खरे बोलत आहेत. बाटली सर उघडतच नाहीत. ती परिचर उघडतो, आणि उन्हाळ्यात बंद खोलीतल्या बाटलीत वायूचा दाब साठून झाकण फिरवताच फवारा तोंडावर येऊ शकतो हे त्याला माहीत असते. म्हणून तो बाटली आधी गार पाण्यात ठेवतो. हे त्याला कोणी शिकवले नाही, कुठे लिहिलेलेही नाही. एक आणि चार यांतला हा फरक तक्ता भरताना पहिल्यांदा टेबलावर येतो, आणि माझ्या मते तक्त्याची सगळ्यात मोठी कमाई तीच. मग चौकटीत शेवटी तीन लिहिले की चार, याला फारसे महत्त्व उरत नाही. एकाच माणसाने एका बैठकीत भरलेल्या तक्त्यात ही कमाई शून्य असते, म्हणून पुस्तिकेत प्रत्येक ओळीला दोन स्वतंत्र रकाने दिले आहेत: एक शिक्षकाचा, एक परिचराचा.

दुसरा उपयोग पैशांचा आहे. एक्झॉस्ट पंखा बंद आहे, हे तोंडी सांगून सांगून लोक थकतात. तेच वाक्य लाल चौकटीत, तारखेसह, प्राचार्यांच्या सहीसाठी गेले की संस्थेच्या बैठकीत त्याचा विषय होतो. आणि पाच गोष्टी दुरुस्त करायच्या असून पैसे दोनपुरतेच असतील, तर आधी कुठली, यावर भांडायला निदान एक कागद हाती असतो.

आता जामनेरविषयी. बाहेरून आलेले बहुतेक नमुने वीस-पंचवीस अंशांच्या, वातानुकूलित खोल्यांसाठी लिहिलेले असतात. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतो. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. म्हणजे वर्षातल्या अनेक दुपारी ईथरची बाटली ईथरच्या उत्कलनबिंदूपेक्षा गरम खोलीत उभी असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली सरकते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. डिसेंबरात ज्या ओळीला शक्यतेचे दोन गुण प्रामाणिकपणे दिले, तिला एप्रिलमध्ये चार द्यायला हवेत, आणि विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. वीज गेली की एक्झॉस्ट थांबतो, त्याने आणखी एक गुण वाढतो. वर्षातून एकदा भरून फायलीत लावलेल्या तक्त्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

पाण्याचे गणित याहून बोलके आहे. अंगावर आम्ल सांडल्यास वापरायचा आपत्कालीन शॉवर मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सोडणारा आणि पंधरा मिनिटे चालणारा असावा, असे अमेरिकी मानक सांगते. गुणाकार केला तर अकराशे लिटरच्या वर जातो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ती अपुरी पडते, आणि पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर तिच्या तळाशी किती आहे ते शिपायालाच ठाऊक. तेच मानक पाणी १६ ते ३८ अंशांचे असावे म्हणते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी दोनला किती असेल हे थर्मामीटर न लावताही सांगता येईल. तरीही तयार शीटच्या ‘उपाययोजना’ रकान्यात ‘शॉवर उपलब्ध’ असे छापलेले असते आणि तेवढ्या दोन शब्दांवर हानीचे गुण चारावरून दोनावर येतात. डोळे धुण्याची गोष्ट मात्र आवाक्यातली आहे. त्याला मिनिटाला दीड लिटर लागते, म्हणजे पंधरा मिनिटांना बावीस-तेवीस लिटर. सावलीत ठेवलेली, रोज बदलली जाणारी, तोटीची स्वच्छ टाकी इतके भागवते. महागड्या शॉवरच्या प्रस्तावाआधी ही टाकी आली पाहिजे, असे पुस्तिका म्हणते. मी त्याला जोरदार अनुमोदन देतो.

हानीचा आकडाही गावागणिक बदलतो. तोच भाजलेला हात पुण्यात तीन गुणांचा असेल, तर जळगावपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावात, उपचार लांब असल्याने, तो चार गुणांचा धरावा.

इथवरच्या मर्यादा तक्ता भरणाऱ्याच्या आहेत. लक्षपूर्वक भरला तर त्या बऱ्याच कमी होतात. पुढची मर्यादा खुद्द तक्त्याच्या घडणीत आहे. २००८ मध्ये टोनी कॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने ‘रिस्क अॅनालिसिस’ या नियतकालिकात तिची गणिती तपासणी केली, आणि तेव्हापासून या विषयावर लिहिणाऱ्याला तो लेख टाळून जाता आलेले नाही. त्याचा मुद्दा आपल्या रुपयांत मांडतो. समजा, वर्षाला १ ते १० टक्के शक्यता म्हणजे ‘क्वचित’, त्यावर गेली की ‘बरेचदा’. एक हजार ते एक लाख रुपयांचे नुकसान म्हणजे ‘मध्यम’. आता एका जोखमीची शक्यता १ टक्का आणि नुकसान हजाराचे, म्हणजे वर्षाला सरासरी दहा रुपये. दुसरीची शक्यता १० टक्के आणि नुकसान लाखाचे, म्हणजे दहा हजार रुपये. हजारपट अंतर, आणि चौकट एकच. हे झाले त्रिकोणातल्या ५१ आणि ५०० चेच. पुढचे अधिक वाईट आहे. शक्यता ९ टक्के आणि नुकसान ९९,००० असलेली जोखीम ‘क्वचित-मध्यम’ मध्ये पडते. तिचा वार्षिक भार ८,९१० रुपये. शक्यता ११ टक्के आणि नुकसान १,५०० असलेली पडते ‘बरेचदा-मध्यम’ मध्ये, एक पायरी वर, अधिक गडद रंगात. तिचा भार १६५ रुपये. चौपन्नपट मोठी जोखीम खाली राहिली आणि क्षुल्लक वर गेली.

हे मुद्दाम जुळवलेले उदाहरण आहे असे म्हणता येईल. कॉक्सने दाखवले की जिथे वारंवार घडणारे अपघात लहान आणि क्वचित घडणारे मोठे असतात, तिथे असे उलटेपालटे होण्याची भीती सर्वांत जास्त असते, इतकी की कधी चिठ्ठ्या टाकून क्रम लावलेला बरा. आता प्रयोगशाळा आठवा. परीक्षानळ्या रोज फुटतात. सौम्य आम्लाचे डाग आठवड्याला पडतात. स्फोट पिढीतून एखादा. म्हणजे तक्ता जिथे सर्वांत कच्चा पडतो, नेमकी तीच आपली परिस्थिती. आणि पाच गुणिले एक व एक गुणिले पाच या दोन्हींचे उत्तर पाचच येते. रोज कापणारे बोट आणि कधीतरी जाणारा जीव एकाच हिरव्या रंगात शेजारी बसतात. पुस्तिकेने यावर काढलेला तोडगा साधा आहे: ज्या ओळीत हानी पाच, तिथे गुणाकार करायचाच नाही. ती ओळ वेगळ्या पानावर घ्यायची आणि तो प्रयोग, ते रसायन किंवा तेवढे प्रमाण मुळात लागते का, हा प्रश्न आधी विचारायचा.

शक्यतेचा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा ‘आमच्याकडे चाळीस वर्षांत काही झाले नाही’ या वाक्यातून. संख्याशास्त्रात याला एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट जितक्या वेळा घडू शकत होती आणि एकदाही घडली नाही, त्या संख्येने तीनला भागायचे. खरी शक्यता तेवढी असू शकते, हे पंचाण्णव टक्के खात्रीने नाकारता येत नाही. तीन भागिले चाळीस म्हणजे साडेसात टक्के. चाळीस निर्विघ्न वर्षांचा अनुभव तेरा-चौदा वर्षांत एक गंभीर अपघात होणाऱ्या प्रयोगशाळेशीही सुसंगत आहे. वाक्य खोटे नाही, पण त्यावर एक गुण देण्याइतके वजन त्यात नाही.

नाकाचेही तसेच. ज्यांनी दुसऱ्या गटाचे धातू किपच्या उपकरणातल्या वायूने ओळखले, त्यांना हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्यांच्या वासाची इतकी सवय झाली होती की त्याला कोणी दोनाच्या वर गुण दिले नसते. पण हवेतले त्याचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणून वायू थांबलेला नसतो.

तक्त्यात कोणती ओळ येते यापेक्षा कोणती येतच नाही, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव काढले की मनात किरणोत्सर्ग येतो. तिथे २९ डिसेंबर २००९ रोजी मॉड्युलर लॅबोरेटरीजच्या इमारतीत लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. किरणोत्सर्गाचा त्यात भाग नव्हता. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या हातात स्फोटक संयुग फुटले आणि त्याने तीन बोटे गमावली. एका वेळी शंभर मिलिग्रॅमच बनवायचे असे तोंडी ठरलेले होते, प्रत्यक्षात सुमारे दहा ग्रॅम बनले होते. शंभर मिलिग्रॅमची ओळ दहा ग्रॅमला लागू पडत नाही.

आपल्या मुंबईतले उदाहरण जुने आहे, पण मला त्याहून चांगले सापडलेले नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस तयार होत असे. खानदेशातली गावेही त्या साथीत माणसांवाचून ओस पडत होती, आणि लसीची मागणी प्रचंड होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले, तिचा क्रमांक ५३-एन. चौकशीने बोट ठेवले परळवर. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्याची नवी रीत धरली होती, म्हणजे संरक्षणाची एक पायरी कमी केली होती. धोका मोजणाऱ्या कुणालाही तीच ओळ लाल दिसली असती. हाफकिन यांचे पद गेले. पुढे पुराव्यांची छाननी झाली तेव्हा निराळेच दिसले. मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न होताच तो पुन्हा बुचाला लागला होता. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली होती. परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते.

यात शिकण्याजोगे बरेच आहे. सर्वांचे लक्ष प्रयोगशाळेतल्या सर्वांत ठळक बदलावर गेले. अपघात घडला तो शेकडो मैल दूर, एका सहायकाच्या हातात, ज्या कृतीची कुणी ओळच मांडली नव्हती. आपल्या तक्त्यांत ‘सल्फ्युरिक आम्लाचे विरलन’ असते. कॅरबॉय रिक्षातून उतरवून जिन्याने वर नेणे नसते. वर्ग सुटल्यावर बेसिनमध्ये काय काय एकत्र ओतले जाते, तेही नसते. ओळी अभ्यासक्रमावरून मांडल्या जातात, दिवसभरात हात काय करतात यावरून मांडल्या जात नाहीत.

आणि कपाट तर कुणाच्याच अभ्यासक्रमात नसते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ च्या सुमारापासून वापरात नसलेले एक गामा किरणयंत्र होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावाला गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० बाहेर आला आणि एप्रिलमध्ये एका कामगाराचा त्यात अंत झाला. त्या यंत्रावर पंचवीस वर्षे कोणी प्रयोग करत नव्हते. प्रयोगवार तक्ता कितीही काळजीने भरला असता तरी ते त्यात आले नसते.

ज्ञानाची मर्यादा हा शेवटचा मुद्दा, आणि तो कुठल्याही पुस्तिकेने सुटणारा नाही. डार्टमथच्या कॅरन वेटरहान या नामांकित रसायनशास्त्रज्ञ. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. फ्यूम हूड चालू होता, मोजे घातलेले होते, त्या काळी सांगितलेली काळजी त्यांनी घेतली होती. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसले की हे रसायन असा मोजा पंधरा सेकंदांच्या आत पार करते. ‘हातमोजे वापरले’ एवढ्यावर गुण उतरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी: कोणता मोजा, कशाविरुद्ध, किती वेळ, हे रकान्यात लिहिलेले नसेल तर गुण उतरवू नयेत. आणि मोजा बहुधा शक्यता कमी करतो, हानी नाही. हानी कमी होते प्रमाण घटवले किंवा पदार्थच बदलला तर. पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी अल्कोहोलचे घेतले तर ती ओळच खोडता येते, आणि तक्त्यातली एखादी ओळ खोडता येण्यासारखे समाधान दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीत नाही.

पुस्तिकेत काय नाही, हेही सांगायला हवे. जीवशास्त्रातले फॉर्मॅलिन आणि सूक्ष्मजीवांची संवर्धने या आवृत्तीत घेतलेली नाहीत, आणि विजेच्या जुन्या वायरिंगवरचे प्रकरण मला तोकडे वाटले. त्याची भरपाई शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या इलेक्ट्रिशियनला बसवून करावी.

सुरुवात कुठून करायची असे कोणी विचारले तर मी कपाटापासून म्हणेन. प्रॅक्टिकल नसलेली एक सकाळ निवडावी, ऊन चढायच्या आत. परिचराला किल्ली घेऊन बोलवावे, ज्योती बंद ठेवाव्यात, खिडक्या उघडाव्यात आणि वरच्या फळीपासून एकेक लेबल मोठ्याने वाचत जावे. उघडल्याची तारीख नसलेली ईथरची बाटली दिसली, तर तिच्यात पेरॉक्साइडे साठलेली असू शकतात, म्हणून ती हलवू नये. पिक्रिक आम्लाची बाटली कोरडी पडलेली दिसली, विशेषतः झाकणाच्या आट्यांत पिवळे कण अडकलेले असतील, तर झाकणाला हात लावू नये. ते घर्षणानेही पेट घेऊ शकतात. कपाट तसेच बंद करावे, खोलीला कुलूप लावावे आणि परिशिष्टात दिल्याप्रमाणे जाणकारांना बोलवावे. उरलेल्या फळ्या दुसऱ्या दिवशी.